न ऐकता म्हटलेलं हो

नाशिक रोड,
९ नोव्हेंबर २०२५

चि. पिंकीस,
दादाचा सप्रेम जय भीम.

पाकिटावरचं अक्षर माझं नाही. माझं अक्षर बघून तू पत्र न फोडताच बाजूला ठेवशील, या भीतीनं पत्ता शेजारच्या चैताली सिस्टरांकडून लिहून घेतला. त्या कोण, ते पुढे येईलच. तू माझा नंबर ब्लॉक केलास त्याबद्दल माझी तक्रार नाही. तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

तुम्ही सगळे बरे असाल. संघर्षरावांना माझा जय भीम सांग. तुझी वेदिका यंदा बारावीला ना? तुझी बदली नांदगावातल्याच शाळेत झाली, असं मावशीकडून कळलं. रोजचा एसटीचा प्रवास सुटला, हे फार बरं झालं.

मी ठीक आहे. सोसायटीच्या गेटवरची नोकरी मार्चमध्ये सोडली. आता घरूनच काम करतो. आणि मोठी बातमी म्हणजे मी कॉम्प्युटर बनवला. तयार आणला नाही, एकेक भाग आणून स्वतःच्या हातानं जोडला. एकोणपन्नासाव्या वर्षी! तुझा विश्वास बसणार नाही. तुझ्या लग्नात मिक्सरच्या प्लगमधल्या वायरी चुकीच्या जोडून मी फ्यूज उडवला होता, ते तू अजून सगळ्यांना सांगत असशील.

झालं असं. सैन्यातल्या आमच्या युनिटमधला राकेश आता इथं जमिनीच्या मोजणीचं ऑफिस चालवतो. ड्रोननं वरून काढलेले फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचे आणि त्यांवर शेतांचे बांध, नाले, पायवाटा आखायच्या, असं ते काम. तोफखान्यात माझं सगळं आयुष्य नकाशावर गेलं, हे त्याला ठाऊक. त्यानं मेसेज केला, ‘दादा, घरी बसून कर. पण मशीन दणकट लागेल, साधं चालणार नाही. ऑक्टोबरअखेर सुरगाण्याकडच्या दोन गावांचे नकाशे करून दाखव. जमले, तर काम कायमचं तुझं.’

इथं नाशकात कॅनडा कॉर्नरला राज नावाच्या माणसाचं दुकान आहे. त्यानं यादी काढून दिली, तिच्यात जोडून द्यायचे पैसेही धरले होते. मी नको म्हटलं. तोफ उघडून साफ करून पुन्हा जोडणाऱ्या माणसाला हे काय अवघड? त्यानं काउंटरवर दहा मिनिटं मला काय काय समजावलं. दुकानात गर्दी होती, बाहेर गाड्यांचा गोंधळ. मी हो हो म्हणत राहिलो आणि खोकी रिक्षात घालून घरी आलो.

जेवणाच्या टेबलावर आईची जुनी सुती साडी अंथरली आणि त्यावर सगळे भाग मांडले. दोन दिवस लागले. प्रोसेसर त्याच्या जागी बसवताना तीनदा उचलून पुन्हा ठेवला, खोटं कशाला बोलू? पण तो बसला. त्याच्यावर कूलर बसवला. कूलर म्हणजे धातूच्या पट्ट्यांचा ठोकळा आणि त्याला लावलेला पंखा. प्रोसेसर तापतो, त्याची उष्णता हा ओढून घेतो. कॅबिनेटला पुढून तीन पंखे, मागून एक. सगळं जोडून बटण दाबलं. दिवे लागले, पंखे फिरले. बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभा राहून हात जोडले मी.

लगेच पडद्यावर इंग्रजीत आलं की प्रोसेसरचा पंखा सापडत नाही. माझ्या डोळ्यांसमोर तो गरगर फिरत होता! पुस्तिका काढून बसलो. कूलरची वायर मी शेजारच्याच पिनांवर लावली होती. काढून बरोबर जागी लावली. मशीन सुरू झालं. बारा मिनिटं चाललं आणि गपकन बंद पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा बंद. प्रोसेसरचं तापमान बघितलं तर सत्त्याण्णव! चहाचं आधण त्याच्यावर आलं असतं.

तीन दिवस मी त्याच्याशी झुंजलो. एका सकाळी वंदना झाल्यावर हातातली उदबत्ती घेऊन कॅबिनेटसमोर बसलो. धूर आत ओढला जायला हवा होता, तो उलट माझ्या तोंडावर येत होता. पुढचे तिन्ही पंखे मी उलटे बसवले होते. चारही पंखे हवा बाहेरच फेकत होते, आत घेणारा एकही नाही. ते उलटवले. तापमान थोडं उतरलं, पण मशीन बंद पडायचं काही थांबेना. शेवटी कूलरच उचकटला. त्याच्या बुडाला पारदर्शक प्लास्टिकचा कागद तसाच चिकटलेला. तो सोलून काढल्याशिवाय कूलर बसवायचाच नसतो. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये हा कागद असल्यावर उष्णता जाणार कुठून?

मध्ये लावायची पेस्ट आणायला पुन्हा राजच्या दुकानात गेलो. माझ्या हातातला कूलर बघून त्यानं कपाळावर हात मारला. ‘काका, प्लास्टिक काढा म्हणून दोनदा सांगितलं होतं की तुम्हाला! पंख्यांची दिशासुद्धा दाखवली होती. तुम्ही हो म्हणालात.’

हे तो काय बोलला, ते मला कसं कळलं माहीत आहे? त्यानं ते बिलाच्या मागे लिहून दिलं. कारण पहिल्यांदा तो बोलला तेव्हाही मी मान हलवून हो हो म्हणालो होतो. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं, पेन घेतलं आणि लिहिलं.

पिंकी, इथवर आलो आहे तर आता गोल गोल फिरत नाही.

गेटवरची नोकरी मी सोडली नाही, मला काढलं. ॲम्ब्युलन्स गेटबाहेर हॉर्न वाजवत उभी राहिली आणि मी पाठ करून वही भरत बसलो होतो. आत एक म्हातारे गृहस्थ दम लागून पडले होते. ते वाचले, हे त्यांचं आणि माझं दोघांचं नशीब. सेक्रेटरी बाई मला काय काय बोलल्या, तेही मला ऐकू आलं नाही.

मला ऐकू येत नाही. डावा कान नोकरीतच गेला होता, तोफांपायी. उजवा तुझी वहिनी सुनंदा असताना अर्धामुर्धा होता. फोन तीच घ्यायची आणि माझ्यासमोर बसून मला सांगायची. चार वर्षांपूर्वी ती गेली आणि मग तोही गेला. मी कोणालाच सांगितलं नाही. समोरचा काय बोलला असेल ते अंदाजानं ठरवायचं, हसायचं, हो म्हणायचं. बहुतेक वेळा निभावतं. लोकांना हो ऐकायलाच आवडतं.

चैताली सिस्टर मोठ्या दवाखान्यात नर्स आहेत. रात्रपाळी करून दिवसा झोपतात. आमच्या दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत, आणि माझं टेबल त्या भिंतीला. मशीन थंड झाल्यावर मी खुशीत कामाला लागलो. चौथ्या दिवशी दुपारी दार उघडं टाकून बसलो होतो. अचानक कोणीतरी खांद्यावर हात ठेवला. मी उडालोच. मागे सिस्टर, केस विस्कटलेले, डोळे लाल. काहीतरी बोलल्या. मी हसून म्हणालो, ‘हो, हो.’

त्या पुन्हा बोलल्या. मी पुन्हा हो म्हणालो.

मग त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि नकाशाच्या कागदावर लिहिलं, ‘तुमचं मशीन तीन दिवस खरखर करतंय. मला झोप नाही. मी दारातून पाच हाका मारल्या. तुम्हाला काहीच ऐकू येत नाही का?’

माझ्या तोंडात ‘हो’ आलेलं होतं. ते गिळलं आणि म्हणालो, ‘नाही.’

एवढंच बोललो, आणि पिंकी, मला रडू आलं. परक्या बाईसमोर. पण त्या खुर्ची ओढून बसल्या. घाई केली नाही. मग त्यांनीच खूण केली, चला, आवाज कुठून येतो ते शोधू. मी एकेका पंख्याची वायर काढायची आणि त्यांनी हात वर धरायचा. आवाज थांबला की हात खाली. पहिला पंखा काढला, हात वरच. दुसरा, वरच. तिसऱ्याला हात खाली आला. आत वाकून बघितलं तर एक बारीक काळी वायर सुटून पंख्याच्या पात्यांवर घासत होती. तिचं वरचं आवरण झिजून आतली तार दिसायला लागली होती. अजून चार दिवस गेले असते तर मशीन जळालं असतं. ती वायर बदलली, नवी नीट मागे ओढून बांधली आणि चारही पंखे पुन्हा सुरू केले. सिस्टर माझ्या समोर येऊन ओठ सावकाश हलवत म्हणाल्या, ‘आता शांत आहे.’

परवा त्यांनीच मला त्यांच्या दवाखान्यात नेऊन कानांची तपासणी करून घेतली. उजव्या कानात ऐकायचं मशीन लावलं तर फरक पडेल, असं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. या बाईचे उपकार मी कुठे ठेवू? ज्या माणसानं तिची तीन दिवसांची झोप घालवली, त्याचा हात धरून ती दवाखान्यात गेली.

आता मुद्द्याचं. गेल्या वर्षी जानेवारीत तू फोन केला होतास. मला वाटलं, आठवड्याचा नेहमीचाच फोन. आईचा आवाज आहे एवढं कळलं, शब्द एकही कळला नाही. जेवलास का, तब्येत कशी, हेच विचारत असेल म्हणून मी ‘हो आई, बरं आई’ करत राहिलो. मग तू बोललीस, त्यालाही ‘हो हो, ठीक आहे’ म्हणालो आणि ठेवला. आई दवाखान्यात होती हे मला त्याच आठवड्यात, शुक्रवारी, संघर्षरावांचा मेसेज आल्यावर कळलं, आणि तेव्हा ती गेलेली होती.

सगळ्यांसमोर तू म्हणालीस, ‘तिनं तुला बोलावलं, तू हो म्हणालास आणि आला नाहीस.’ मी खाली मान घालून ऐकलं. ऐकलं म्हणजे तुझे ओठ वाचले. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण आईचं शेवटचं बोलणं आपल्यापर्यंत पोचलंच नाही, हे चार माणसांत बोलण्यापेक्षा निर्दयी ठरणं मला सोपं वाटलं.

तू दहा वर्षं आईला सांभाळलंस. तिचं औषधपाणी, तिचे हट्ट, सगळं तू केलंस, आणि मी महिन्यातून एकदा येऊन पाहुण्यासारखा जेवून गेलो. याबद्दल तुझे आभार मी कधीच मानले नाहीत. आज मानतो. माफ कर असं म्हणत नाही, ते तू ठरव.

फक्त एक मागतो. तो फोन चार मिनिटांचा होता, माझ्या मोबाइलमध्ये अजून दिसतो. ‘ये’ म्हणायला चार मिनिटं लागत नाहीत. आई आणखी काय बोलली? तू शेजारी होतीस. आठवेल तेवढं लिहून पाठवशील?

तुझा
दादा


नांदगाव,
१७ नोव्हेंबर २०२५

दादा,
जय भीम.

पत्र गुरुवारी शाळेच्या पत्त्यावर आलं. मधल्या सुट्टीत फोडलं आणि पुढचा तास मला घेता आला नाही. मुलांना चित्रं काढायला सांगितली.

मी तुझ्यावर चिडले आहे. जुन्या कारणासाठी नाही, नव्या. एवढी वर्षं सांगितलं का नाहीस? मी काय हसले असते? संघर्ष म्हणाले, ‘त्यांच्या मागून बोललं की ते कधी वळायचे नाहीत; मला वाटायचं, मिलिटरीतली माणसं अशीच.’ आम्ही सगळेच आंधळे.

आई काय बोलली ते मला शब्द न् शब्द आठवतं. लिहिते. ती बसून होती, उशीला टेकून. म्हणाली, ‘झुंबर, मला काय झालं नाय बाबा. पिंकीला उगंच घोर. तू ड्युटी सोडून पळत यऊ नको. रविवारी ये, निवांत ये. हितं शेजारच्या खाटेवर मालेगावकडची बाई हाय, लय गोड. ती अहिराणीत म्हणती, काय शे माय, काय शे माय. मला हसू यतं, पोटात दुखतं हसून. डाळ देतात, तिला मीठ नाय. तू रोज दोन भाकरी खा, पावाचं खाऊ नको. सुनंदाच्या साड्या कपाटात कोंडून ठिवू नको, कुणाला तरी दे, नेसू दे. एकटं वाटलं तर हिकडं ये, पिंकी काय तुला परकी हाय? तिच्यावर माझं लय वझं पडलंय, पण ती कधी बोलली नाय.’ आणि मध्ये मध्ये तुझं ‘हो आई’ येत होतं, आणि दर वेळी ती माझ्याकडे बघून मान डोलवत होती. फोन माझ्याकडे देताना म्हणाली, ‘बघ, पोरगा ऐकतो माझं.’

आता माझं ऐक. फोन घेऊन मी बाहेर पॅसेजमध्ये गेले आणि तुला म्हणाले, ‘दादा, तिचं काही ऐकू नकोस, डॉक्टरांना लक्षण बरं दिसत नाही, आजच नीघ.’ तू हो हो म्हणालास. ये म्हणणारी मी होते. आईनं तुला बोलावलं नव्हतं. तिनं रविवार सांगितला होता आणि ती तुझी वाट बघत नव्हती. शुक्रवारी सकाळी चहा मागितला आणि चहा येईपर्यंत गेली. चेहऱ्यावर काहीसुद्धा नव्हतं.

लोकांसमोर मी ‘तिनं बोलावलं’ म्हणाले, कारण ‘मी बोलावलं’ म्हटलं तर तुला तेवढं लागलं नसतं. मला ते तुला लागायला हवं होतं. पावणेदोन वर्षं मी ते पोटात ठेवलं. रोज वाटायचं, सांगावं. आणि मग तुझं ते ‘ठीक आहे’ आठवायचं.

नंबर उघडला आहे. पण हे मोबाइलवर टाइप करायचं नव्हतं.

पिंकी


नाशिक रोड,
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय पिंकी,

तुझं पत्र काल मिळालं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा आईचा आवाज येईना, नुसती अक्षरं दिसली. दुसऱ्यांदा मोठ्यानं वाचलं, माझ्या स्वतःच्या तोंडून. छातीत हादरा जाणवतो बोलताना, तो मला कळतो. ‘काय शे माय’ला आलो आणि हसलो. आई जशी हसायची तशी, पोट धरून. पलंगावर एकटा बसून हसत होतो आणि डोळ्यांतून पाणी.

तू खोटं बोललीस असं मला वाटत नाही. रागात माणूस हाताला येईल ते उचलतो. तुझ्या हाताला ते आलं. माझ्या अंगाला लागायला हवंच होतं काहीतरी. पण आता दोघांनी ते खाली ठेवू. आई माझी वाट बघत गेली, या एका गोष्टीनं मला पावणेदोन वर्षं जेवण गोड लागू दिलं नव्हतं. ती तूच माझ्या अंगावरून काढून घेतलीस. ते लिहिताना तुला किती जड गेलं असेल, ते मला कळतं. तुझा फार ऋणी आहे.

सुरगाण्याचे नकाशे राकेशला पसंत पडले. दोन्ही गावांचा बांध न् बांध बरोबर, असं त्यानं लिहिलंय. पेठकडची आणखी चार गावं आली आहेत. कानाचं मशीन पंधरा दिवसांत येईल. ते आलं तरी सगळं ऐकू येणार नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. पण आता मी कोणाला न ऐकता हो म्हणत नाही. काल भाजीवालीला तीन वेळा ‘पुन्हा सांगा’ म्हणालो. तिनं तीन वेळा सांगितलं. कोणी रागावत नाही गं. उगीच घाबरत होतो इतकी वर्षं.

सुनंदाच्या साड्या कपाटातून काढल्या. मोरपंखी चैताली सिस्टरांना दिली. त्या घेईनात, मग घेतली. बाकीच्या तुझ्यासाठी आणतो. तुला नको असतील त्या कोणाला दे.

येत्या गुरुवारी सकाळच्या गाडीनं निघतो. मी स्टेशनवर उतरलो की समोर येऊन उभी राहा. मागून हाक मारलीस, तर मी तसाच पुढे चालत जाईन. तेव्हा चिडू नकोस. पळत ये आणि माझा हात धर.

तुझा बहिरा भाऊ,
झुंबर